नाक लांब

आमच्या घरात दूध नासलं का ते बघायला कुणी पातेल्यात नाक घालत नसे. पातेलं हातभर लांब धरायचं, दुसरा हात त्याच्यावरून आपल्याकडे हलकेच फिरवायचा, लांबच्या माणसाला जवळ बोलवावं तसा, आणि जो थोडका वास येईल तेवढाच घ्यायचा. ही माझ्या बायकोची शिस्त. ती पंचवटीतल्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायची, त्यातही रसायनशास्त्र. प्रयोगशाळेत कुठल्याही नळीला थेट नाक लावायचं नाही, हा तिचा पहिला धडा. नवीन वर्ग आला की पहिले काही दिवस तिची एकच हाक ऐकू यायची, "नाक लांब!" पोरं तिला मागून नाकलांब बाई म्हणायची. तिला ते माहीत होतं. म्हणायची, "म्हणू देत. नाव लक्षात राहिलं म्हणजे नाकही राहील."

लग्न करून आली तेव्हा ती वरणाचा, भाजीचा, लोणच्याचा, सगळ्याचा वास असाच घ्यायची. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझी बायको भाजीला टाटा करती रे." एकदा चुलतभावाच्या लग्नात पंगतीत श्रीखंडाच्या वाटीवर तिचा हात फिरला. वाढप्याला वाटलं वहिनी माशा हाकताहेत. बिचाऱ्याने टेबलफॅन आणून समोर ठेवला. सगळ्या पंगतीच्या पत्रावळी उडाल्या.

मी तिला बाई म्हणायचो. आधी चिडवायला म्हणत होतो, मग तेच राहिलं.

ती गेली त्याला आता पावसाळा उलटला. मध्ये तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. पोरी म्हणायचं सवयीने, त्यातल्या एकीचे केस पिकलेत. म्हणाल्या, "काका, शाळेच्या अंकात बाईंवर तुम्ही लिहा." मी म्हणालो, "अगं, मी सातवीत शाळा सोडलेला माणूस." तर ती पिकल्या केसांची म्हणते, "बाई सांगायच्या, जे बघितलं ते लिहायचं. आम्ही वर्गात बघितल्या, तुम्ही घरी बघितल्या." म्हणून लिहायला बसलो. ऱ्हस्व-दीर्घ नात बघणार आहे. बाकी जे आहे ते माझं.

देवमाणूस होती वगैरे मी लिहिणार नाही. चिडकी होती. चहा पांचट करायची. मी मळ्यातून येऊन ओट्यावर काही ठेवलं की "हे काय आहे, कुठून आणलं, हात धुतले का" हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पाणी द्यायची नाही.

ती मनमाडची. वडील रेल्वेत. आमचा मळा मखमलाबादला, थोडी द्राक्षं, बाकी मेथी, कोथिंबीर, फुलं. मी बघायला गेलो तेव्हा बरोबर आत्या होती. मुलगी बीएस्सी आणि मुलगा सातवी, म्हणून आत्या आधीपासूनच मळ्याचं कौतुक जोरात सांगत होती. मुलीला विचारलं, तुला काही विचारायचंय का? मनमाडला पाण्याचे काय हाल आहेत ते सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं विचारील, विहिरीला पाणी किती हाय. तर ती म्हणाली, "तुमच्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का?"

आत्या म्हणाली, "येतो तर! बादली भरून येतो."

मी म्हणालो, "नाय येत. डाळ पण शिजत नाय त्या पाण्यात. डाळीला आम्ही नळाचं आणतो."

आत्याने मला कोपर मारलं. मुलीने मात्र पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. होकार आला. पुढे कधीतरी मी विचारलं, एवढी शिकलेली तू, मला काय म्हणून हो म्हणालीस? म्हणाली, "तुम्ही जे होतं ते सांगितलंत. मला वर्गात असं एक पोर मिळायला वर्ष जातं." मी म्हणालो, "म्हणजे मी नापास नाय झालो." म्हणाली, "तोंडी परीक्षेत पास. लेखीचं बघू."

तिच्या साड्या सगळ्या सुती. प्रयोगशाळेत नायलॉन चालत नाही, ठिणगी पडली तर अंगाला चिकटतं. आणि प्रत्येक साडीला निऱ्यांच्या जागी बारीक बारीक भोकं. मी आधी झुरळं समजून कपाटात गोळ्या टाकल्या. ती हसली. ॲसिडचे थेंब होते ते. नळीतून नळीत ओतताना उडायचे, दिसायचेही नाहीत, साडी धुतली की भोक व्हायचं. लग्नाकार्यात माझ्या बहिणी चांगल्या साड्या नेसून बसायच्या आणि ही आपली चाळणी नेसून.

स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मीठ, साखर, खायचा सोडा, पिठीसाखर, तुरटी. माझी आई म्हणायची, आम्हाला काय दिसत नाय का? बाई म्हणायची, "आई, सगळं पांढरंच दिसतं." आईला वाचता येत नव्हतं. मग बाईने मिठाच्या डब्यावर खड्याचं चित्र काढलं आणि साखरेच्या डब्यावर मुंगीचं. आई मरेपर्यंत मुंगीचा डबा उघडून चहा करायची.

तिच्या वर्गातली एक गोष्ट ती घरी पुष्कळदा सांगायची. लिटमसचा कागद असतो. आंबट पाण्यात बुडवला की निळ्याचा लाल होतो. पोरांना हे पुस्तकातून आधीच पाठ. एकदा शाळेत आलेले कागद जुने होते, दमट होऊन वाया गेलेले. सगळ्या वर्गाने कागद बुडवला आणि सगळ्या वर्गाने वहीत लिहिलं, कागद लाल झाला. एक पोरगी रडकुंडीला येऊन उभी राहिली. "बाई, माझा होत नाहीये."

बाई म्हणाली, "पुन्हा बुडव."

पुन्हा बुडवला. "नाहीच होत."

"मग लिही, दोनदा बुडवला, लाल झाला नाही."

"पण पुस्तकात..."

"पुस्तकाने तुझा कागद बुडवलाय का?"

त्या दिवशी पूर्ण मार्क त्या एकट्या पोरीला. बाकीचे पालकांना घेऊन भांडायला आले. बाईचं म्हणणं, जे झालं ते लिहायचं, जे व्हायला पाहिजे होतं ते नाही. आणि एकदा नाही झालं म्हणून लगेच नाही म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा करून बघायचं, मग म्हणायचं.

आमच्या द्राक्षाला बोर्डो मारतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून करायचं, निळं औषध. चुना कमी पडला तर पानं करपतात. म्हणून फवारायच्या आधी विळा घासून त्यात बुडवायचा. विळ्यावर तांबूस चढलं की समजायचं, अजून चुना पाहिजे. हे आमच्याकडे सगळेच करतात. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात बाई पिंपाजवळ येऊन उभी राहिली. मी विळा वर काढला, लालसर झालेला. ती ओरडलीच, "अहो, हे तर माझ्या दहावीच्या धड्यात आहे!" मग तिथेच मला शिकवायला बसली, की लोखंड पाण्यात उतरतं आणि मोरचुदातलं तांबं त्याच्या जागेवर येऊन बसतं. मी म्हणालो, "बरं. चुना टाकू का आता?" म्हणाली, "टाका, पण ऐकलंत का?" म्हणालो, "ऐकलं. लोखंड उठलं, तांबं बसलं. आता हे औषध शिळं व्हायच्या आत मला फवारायचंय."

दुसऱ्या दिवशी माझा विळा घरातून गायब. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीतून शाळेत नेलेला. सिटी बसमध्ये पिशवी फाटून पातं बाहेर आलं. शेजारची बाई उठून उभी राहिली, कंडक्टरने हिला विचारलं, "मॅडम, भांडण हाय का कुठं?" ही म्हणते, "नाही हो, दहावीचा तास आहे." त्या वर्षापासून तो विळा शाळेचाच झाला. तो परत आलाच नाही, मला नवा घ्यावा लागला. दर साली नवा नेला नाही, एवढंच नशीब.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तिच्या रिटायरमेंटच्या आधीच्या वर्षी प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

झालं असं. नववीचा वर्ग होता. नवसागर आणि चुना नळीत घेऊन अमोनिया करायचा होता. दिव्या नावाची पोरगी, तिने नळी सरळ नाकाला लावली आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, डोळे मिटले, मागे झाली ती स्टुलावरून खालीच. कपाळ टेबलाच्या कडेला लागलं. टाके पडले. बाप गॅरेजवाला, काळ्या हातांनी तसाच शाळेत आला. "पोरगी शिकायला पाठवली का मारायला?" असं ओरडला, अख्ख्या शाळेने ऐकलं. हेडसर नवे होते, तरुण. त्यांनी त्याच दिवशी प्रयोगशाळा बंद केली. बाईला म्हणाले, "बाई, आता सगळे प्रयोग व्हिडिओवर आहेत. स्क्रीनवर दाखवा. कुणाला इजा नाही, कुणाची तक्रार नाही."

त्या दिवशी घरी आली ती ओट्याशी उभी राहिली नुसती. मी चहा केला. चहा पुढे ठेवला तर हात नाही फिरवला, तसाच पिऊन टाकला. म्हणाली, "पोरगी माझ्या वर्गात पडली. स्टुलं मी आधीच काढून टाकायला हवी होती." मग कप बाजूला सारून म्हणाली, "स्क्रीनला वास येतो का हो?"

मी म्हणालो, "नाय. पण तुझं एक वर्ष राहिलंय. ढकल की."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कप विसळायला उठलो. मागून म्हणाली, "मी शाळेत आले तेव्हा त्या खोलीत मोडकी बाकं होती. पदर खोचून मी ती बाहेर काढली. आता कुलूप लावून मी घरी येणार नाही."

आठवडाभर ती हेडसरांच्या केबिनबाहेर बसायची. मधली सुट्टी झाली की बसली. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "पालक हो म्हणाले तर उघडतो. त्या मुलीचे वडील धरून." त्यांना वाटलं हे काही होत नाही. बाईने शनिवारी सकाळी पालकांची सभा लावली. मला म्हणाली, "द्राक्षाचा चुना असेल ना घरात? एक डबा भरून द्या. आणि भद्रकालीतून नवसागर आणा, कल्हईवाले वापरतात तो."

"सभेत काय करणार?"

"तास घेणार."

मी चुन्याचा डबा घेऊन गेलो आणि मैदानात कडुलिंबाखाली मागच्या बाकावर बसलो. प्रयोगशाळेला कुलूप म्हणून सगळं मैदानात. शिपायाने तेवढ्यापुरत्या नळ्या बाहेर काढून दिल्या होत्या. पालक बरेच आले होते, निम्मे मोबाइलमध्ये. गॅरेजवाला पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. दिव्या त्याच्या मागे उभी, कपाळावर पट्टी.

बाईने भाषण नाही केलं. म्हणाली, "मुलगी माझ्यासमोर पडली. चूक माझी, खोलीत स्टुलं होती. आता पोरं उभ्याने प्रयोग करतील. तो नेमका काय प्रयोग होता ते आज तुम्ही करून बघा, मग ठरवा." आणि प्रत्येकाच्या हातात नळी. चिमूटभर नवसागर, चिमूटभर चुना, दोन थेंब पाणी, बुचाच्या जागी अंगठा नाही लावायचा, हलवायची. तिने स्वतः करून दाखवलं, नळी हातभर लांब, वरून हात फिरवून. "वास ओळखा. घरातला आहे."

मागून एकजण म्हणाला, "मुतारीचा!" सगळे हसले.

एका पोराची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, माझ्या केसांच्या कलरचा."

"दोन्ही बरोबर," बाई म्हणाली.

गॅरेजवाल्याने नळी घेतली होती. दिवसभर पेट्रोल हुंगणारा माणूस, त्याला हे काय वाटणार. बाई त्याच्याकडे वळेपर्यंत त्याने नळी नाकाखाली धरली आणि ओढला श्वास. मान मागे गेली, डोळ्यांतून धारा. मी उठलोच. म्हटलं, आता संपलं. आता हा नळी फेकतो आणि कुलूप कायमचं.

त्याच्या मागून दिव्याने त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "पप्पा, नाक लांब! असं नाही. हाताने. थोडाच घ्यायचा." तिने त्याचा तो काळा पंजा धरून नळीवरून फिरवला. एकदा, दोनदा. त्याने वास घेतला. डोळे पुसले.

"तुला हे सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी पण सांगितलं होतं. मीच नाही ऐकलं."

"मग घरी का नाय बोललीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही डायरेक्ट शाळेत आलात."

सभा हसली. तो नाही हसला. नळी बाईच्या हातात देऊन हेडसरांना म्हणाला, "उघडा सर ते कुलूप. हिचं नाक आता कुठं जायचं नाय. माझंच गेलं."

कुलूप सोमवारी निघालं. स्टुलं बाहेर व्हरांड्यात गेली, अजून तिथेच आहेत, डबे खायला पोरं बसतात त्यांच्यावर. बाई शेवटच्या वर्गाला नवसागरापासून मोरचुदापर्यंत सगळं हाताने करायला लावून रिटायर झाली. निरोप समारंभात तिला शाल दिली, नारळ दिला. तिने नारळ कानाजवळ हलवून बघितला. म्हणाली, "पाणी आहे." आणि खाली बसली. एवढंच भाषण.

नुसतं घरी बसणं तिला फार दिवस जमलं नाही. मळ्यातल्या बायकांच्या पोरांना ओट्यावर गोळा करून हळदीच्या पाण्याचे रंग बदलून दाखवायची. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पहिला प्रयोग. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, पोरं किंचाळायची, मी तोच सदरा घालून मार्केटला जायचो.

मग तिच्या किडन्या गेल्या. त्याबद्दल मी लिहीत नाही. दवाखाने सगळ्यांनीच बघितलेत.

शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडाची चव गेली, वासही गेला. औषधांनी होतं, डॉक्टर म्हणाले. तिने तक्रार केली नाही, फक्त सांगितलं, "डेटॉलचा वास येत नाहीये. इथे तो असणारच. म्हणजे नाक गेलं." मी म्हणालो, येईल परत.

एके दिवशी सकाळी मी मार्केट यार्डातून थेट दवाखान्यात गेलो. पिशवीत आमच्याच मळ्यातली गावठी कोथिंबिरीची जुडी होती. अख्खा वॉर्ड घमघमायला लागला, शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "कुणी कोथिंबीर आणली रं?" मला वाटलं, एवढा वास आहे, हिलाही येईल. मी जुडी तिच्या नाकाशी नेली.

तिने मान बाजूला केली. हळू म्हणाली, "लांब."

मी हात मागे घेतला. तिच्या एका हाताला सलाईन होतं. दुसरा तिने चादरीतून काढला, जुडीवरून आपल्याकडे फिरवला, तसाच, पंचवटीत फिरवायची तसा. डोळे मिटले. थांबली. पोरांना शिकवायची तसं, घाई नाही. खोटं बोलली असती तरी चाललं असतं मला. आला म्हणाली असती तर मी ते धरून घरी गेलो असतो.

"नाही येत हो," ती म्हणाली.

तिची बोटं पानांना लागली होती. ती म्हणाली, "गार आहे. आत्ता धुतलीत का?"

"हो. निघताना."

"ताजी आहे," ती म्हणाली.

मी जुडी पिशवीत ठेवायला लागलो, तर तिने मानेने नको म्हटलं. धरा, असं खुणावलं. मी पुन्हा हातभर लांब धरली. आणि तिने हात उचलून कोथिंबिरीवरून दुसऱ्यांदा फिरवला.